वर्गातलं रोजचं घरी पोहोचवायचं तर

मॅडम, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसते १५ ऑगस्टचे अन् १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंड्याचे फोटो टाकू नका. मंगळवारी दुपारी वर्गात काय झालं ते टाका. माझ्या दुसरीतल्या एका पोरानं ४२ मधून १७ वजा करताना दहाची जुडी सोडली, दोन सुट्या काड्यांत मिसळली अन् मोजून ‘सुट्या १२ झाल्या’ म्हणाला. मी त्याच्या हाताचा अन् काड्यांचा तेवढाच फोटो काढला. खाली एकच ओळ: ‘आज हातच्याची वजाबाकी जमली.’ चेहरा मुद्दाम घेत नाही, फोटो कुठं कुठं फिरतात.

बीडकडं दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीपाशी. आईबाप दिवसभर उसाच्या फडात, मोबाईल बघायचा तो रात्री कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आल्यावर. त्यांना लांबलचक मजकूर कशाला? पोरगं धडा वाचतंय असा अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा. अक्षरओळख नसलेल्या आईलाही तो कळतो.

एकदा मी श्रुतलेखनाच्या सगळ्या वह्या ग्रुपवर टाकल्या. लाल खुणा बघून एका बापानं फोनवरच झापलं, अन् बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून चुका ग्रुपवर नाहीत. त्या सांगायला संध्याकाळी घरी जाते, आजीच्या हातचा चहाही होतो.