वेताच्या सीटा, छताला पंखे

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की इंदूरच्या नव्या मेट्रोत गांधी नगरहून बसलो, एसीत कुडकुडलो आणि एकदम कलकत्त्याची जुनी पंखेवाली मेट्रो आठवली. एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की बायको म्हणाली, आता दारात तिकीटखिडकीच उघडा. सगळ्यांना उत्तर देणं काही जमायचं नाही, थोडी घेतलीत.

प्रश्न : माझा भाचा न्यूयॉर्कला असतो. त्याने डिसेंबरमधे व्हिडिओ पाठवला, जमिनीखालच्या स्टेशनात गडद हिरवी जुनी ट्रेन आली, आत वेताच्या सीटा, छताला पंखे, आणि बायका आजीच्या जमान्यातले फ्रॉक घालून नाचतायत. हे शूटिंग होतं का खरी ट्रेन? (एक काकू, रामबाग)

काकू, खरी ट्रेन, शंभर टक्के. तिकडे एक ट्रान्झिट म्युझियम आहे, तेही ब्रुकलिनमधे एका बंद पडलेल्या भुयारी स्टेशनातच, १९३६ ला सुरू झालेलं आणि दहाच वर्षांत बंद केलेलं स्टेशन, तिथे १९७६ पासून जुने डबे रुळावर उभे करून ठेवलेत. नाताळच्या दिवसांत त्यातले काही डबे जोडून नेहमीच्या लाइनवर सोडतात आणि भाडं नेहमीचंच घेतात, स्पेशल म्हणून जास्त नाही. मला याचंच जास्त कौतुक वाटतं. म्हणजे ऑफिसला निघालेला माणूस प्लॅटफॉर्मवर उभा असतो आणि समोर त्याच्या आजोबांची ट्रेन येऊन थांबते, चढायचं तर चढ.

हे डबे १९३० ते १९४० या दहा वर्षांत बनले, नंबर आर-१ ते आर-९, म्हणून तिथले शौकीन लाडाने 'आर्नाइन' म्हणतात. सगळे मिळून सतराशेच्या आसपास होते. १९३२ च्या सप्टेंबरात शहराने स्वतःची नवी भुयारी लाइन उघडली ती याच डब्यांवर, आणि १९७७ पर्यंत ते रोजच्या कामाला होते. आत साधे पिवळे बल्ब, वर गरगरणारे पंखे, जुन्या जाहिराती अजून लावलेल्या. पण काकू, व्हिडिओ परत लावा आणि नाचणाऱ्या बायका सोडून आवाज ऐका. गाडी सुटली की आधी खालून घुमल्यासारखं होतं, मग वेग वाढतो तसा तो सूर चढत चढत जातो, अगदी आपल्या पिठाच्या गिरणीत धान्य संपत आलं की चक्कीचा सूर चढतो ना तसा. मोटारीच्या गियरचे दाते सरळ कापलेले असायचे त्याचा तो आवाज. तिथली म्हातारी माणसं डोळे मिटून नुसता तो आवाज ऐकत बसतात म्हणे, आणि मला त्यात वेडेपणा अजिबात दिसत नाही. भाच्याला सांगा पुढच्या वेळी नाच कमी रेकॉर्ड कर, गियर जास्त.

प्रश्न : कलकत्त्याला आम्ही सहा वर्षं होतो, टॉलीगंजला. ती आमची पंखेवाली मेट्रो अजून चालते का हो दादा? (सुदामा नगर)

नाही ताई, गेली. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी ३.४ किलोमीटर सुरू झाली, देशातली पहिली मेट्रो, आणि बिनएसीच्या गाड्यांना निरोप दिला तो २४ ऑक्टोबर २०२१ ला, तारीख तीच, सदतीस वर्षांनी. डबे आपल्याच देशातले, मद्रासच्या पेरांबूर कारखान्यातले. २०१० मधे एसी गाड्या आल्या तेव्हाच पंखेवाल्यांचे दिवस भरले होते खरं तर.

मी १९८७ मधे कंपनीच्या कामाला गेलो होतो, तेव्हा तुमच्या टॉलीगंजपर्यंत गाडी वर्षभरापूर्वीच पोचली होती. मला डब्यापेक्षा प्लॅटफॉर्म जास्त आठवतो. गाडी दिसायच्या आधी वारा यायचा. भुयार अरुंद, गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलत येते, ती हवा स्टेशनात शिरते आणि सगळ्यांचे पदर, वर्तमानपत्रं एकदम हलायला लागतात. माझ्या शेजारी एक बंगाली आजोबा होते, वारा आला की ते छत्री बगलेत घट्ट धरून एक पाऊल पुढे सरकायचे, गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. मॅग्नेटिक पट्टीचं छोटं तिकीट असायचं, बाहेर पडताना मशीन ते गिळून टाकायची, म्हणून माझ्याकडे एकही उरलं नाही. याचं दुःख अजून आहे.

प्रश्न : काका, आमचे सर म्हणाले पहिली अंडरग्राउंड ट्रेन कोळशाच्या इंजिनावर चालायची. मग धूर जायचा कुठे? (इयत्ता आठवी)

सर बरोबर आहेत बाळा. लंडन, जानेवारी १८६३, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, लाकडी डबे आणि आत गॅसचे दिवे. इंजिनाची वाफ बाजूच्या टाकीतल्या पाण्यात सोडून गार करायची युक्ती केली होती पण धुराला युक्ती नव्हती, जागोजागी वर उघडं ठेवलेलं त्यातून जाईल तेवढा जायचा, बाकीचा लोकांच्या नाकात. १९०५ ला वीज आली तेव्हा कुठे सुटका झाली. मधे १८९० मधे तिथे खोल बोगद्यातली विजेची लाइन निघाली तर त्यांनी डब्याला खिडक्या म्हणून वर नुसत्या फटी ठेवल्या, बाहेर बघायला आहेच काय म्हणून! लोक त्याला गादी ठोकलेली कोठडी म्हणायचे, वेड्यांना ठेवायचे तशी. स्टेशन आलं की गार्ड नाव ओरडून सांगायचा. २०१३ मधे दीडशे वर्षं झाली तेव्हा १८९८ चं वाफेचं इंजिन परत त्या भुयारातून चालवलं, सरांना सांग.

प्रश्न : एवढे जुने डबे शेवटी भंगारातच जात असतील ना? (सियागंज, धंद्याने भंगारवाला)

भिया, तुमचा नंबर लागतोच, पण नेहमी नाही. लंडनचे १९३८ सालचे डबे तिथून निवृत्त झाल्यावर आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर गेले, कारण तिथल्या एका बोगद्याची उंची कमी, मोठी गाडी घुसतच नाही, आणि लंडनचे बुटके डबे बरोबर बसले. २०२१ च्या जानेवारीपर्यंत पळाले, ब्याऐंशी वर्षं! ब्युनोस आयर्सला १९१३ चे बेल्जियमचे लाकडी डबे २०१३ पर्यंत रोजच्या सर्व्हिसला होते, दार प्रवाशाने स्वतः हाताने उघडायचं. आणि न्यूयॉर्कने २००१ ते २०१० मधे अडीच हजारांवर डबे चाकं, काचा काढून अटलांटिक समुद्रात बुडवले, माशांना घर म्हणून. मासे खूश आहेत म्हणतात. मला विचाराल तर बुडवण्यापेक्षा बेटावरचा संसार बरा.

प्रश्न : तुम्ही इंदूरचे ना? मग न्यूयॉर्क-लंडन कशाला, आपल्या मीटर गेजवर, त्या एक मीटर रुंद रुळांच्या जुन्या लाइनवर, लिहा की. (लोकमान्य नगर)

मान्य, कान पकडले. होळकरांनी १८७० मधे खांडवा-इंदूर लाइनसाठी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. ती गोष्ट चार ओळींत मावायची नाही, पातालपाणीच्या घाटासकट पुढच्या अंकात, पक्कं.

प्रश्न : ह्यांना तिकिटं जमवायचा नाद आहे. दिल्ली मेट्रोचं क्यूआरवालं कागदी तिकीट मी प्रेमाने लॅमिनेट करून आणलं तर अख्खं काळं झालं! दुकानदार म्हणतो माझी चूक नाही. तीन दिवस घरात अबोला आहे. (नारायण बाग)

वहिनी, दुकानदाराची चूक नाही आणि तुमचीही नाही. तो थर्मल कागद असतो, त्यावर शाई नसतेच, उष्णतेनेच अक्षर उमटतं, आणि लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेला की सगळाच उमटतो. नुसता ठेवला तरी दोनचार वर्षांत पुसट होतो, म्हणून आल्या दिवशी झेरॉक्स काढायची आणि मूळ तिकीट अंधारात, साध्या कागदी पाकिटात ठेवायचं, प्लास्टिकच्या नाही. ते काळं तिकीट मात्र फेकू नका. मागे तारीख आणि कोणी काळं केलं ते पेन्सिलीने लिहून ह्यांच्या अल्बममधे लावा. सराफ्याच्या खाऊगल्लीत गरम गराडू (तळलेला कंद) खाऊ घालून मग दाखवा, आधी नको.