वाचकांचे प्रश्न : काढले तरी न जाणारे लिब्रेऑफिस

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली असून त्याची ६४ जीबीची डिस्क भरत आली आहे. लिब्रेऑफिस हा पत्रे, तक्ते वगैरे करण्याचा प्रोग्रॅमसंच आता वापरात नाही, म्हणून टर्मिनलमध्ये (कमांड टंकण्याच्या खिडकीत) ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह लिब्रेऑफिस’ ही कमांड दिली. पासवर्ड विचारला गेला, पण ‘हे पॅकेज बसवलेलेच नाही, म्हणून काढले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला. मेनूत मात्र रायटर आणि कॅल्क दोन्ही आहेत आणि उघडतातही. माझे काय चुकते? आणि जुनी पत्रे यात पुसली जातील काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संगणक खरे तेच सांगतो आहे. उबुंटूवर प्रोग्रॅम ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांतून येतात आणि ते बसवण्याचे व काढण्याचे काम ‘ॲप्ट’ करते. ‘लिब्रेऑफिस’ या नावाचे पॅकेज म्हणजे जवळजवळ रिकामे खोके असते. रायटर, कॅल्क, इम्प्रेस अशी निरनिराळी पॅकेजे एका दमात बसवून घ्यावीत, एवढ्यासाठीच ते ठेवलेले असते. उबुंटूसोबत ही पॅकेजे सुटी येतात, त्यामुळे ते खोके आपल्याकडे नाही आणि त्यातला माल मात्र आहे. मेनूत दिसणारे नाव आणि पॅकेजचे नाव एकच असेल, असे गृहीत धरल्याने हा घोटाळा होतो.

म्हणून आधी खरी नावे पाहावीत. ‘डीपीकेजी’ ही कमांड, एक जागा सोडून उणे चिन्ह व त्याला लागून लहान एल, पुढे उभी रेघ, मग ‘ग्रेप लिब्रेऑफिस’, असे टंकल्यास यादी मिळेल. (कमांड येथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टंकताना रोमन लिपी व लहान अक्षरे वापरावीत.) त्या यादीत ‘लिब्रेऑफिस-कोअर’ आणि ‘लिब्रेऑफिस-कॉमन’ ही दोन नावे सापडतील. रायटर, कॅल्क आदी सगळे कोअरवर अवलंबून असल्याने कोअर काढले की त्यांनाही जावे लागते. तेव्हा ‘सुडो ॲप्ट पर्ज’ लिहून पुढे ही दोन नावे दिली की पुरे.

मात्र त्याआधी तीच कमांड ‘ॲप्ट’ या शब्दानंतर उणे चिन्ह व लहान एस घालून चालवावी. ही रंगीत तालीम आहे : काय काय जाईल ते दिसते, प्रत्यक्षात काहीच जात नाही. ती यादी शेवटपर्यंत वाचावी, असा माझा आग्रह आहे, कारण खरी कमांड दिल्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात वाय मोठा आणि एन लहान छापलेला असतो; याचा अर्थ असा की नुसते एंटर दाबले तरी उत्तर ‘होय’ धरले जाते. यादीत ‘ग्नोम-शेल’सारखे (म्हणजे खुद्द डेस्कटॉपचे) नाव दिसले, तर एन दाबून थांबावे. २०२१ मध्ये पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम बसवू पाहणाऱ्या एका नामांकित यूट्यूबरने अशीच लांबलचक यादी ओलांडून पुढची खातरजमाही टंकून दिली आणि त्याचा अख्खा डेस्कटॉपच निघून गेला. तो तर काही काढतही नव्हता, बसवत होता!

त्यानंतर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ द्यावी. इतर पॅकेजांच्या गरजेपोटी आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे तिने जातात, जुने कर्नलही (प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) जातात. येथेही यादी वाचावीच. आपण मराठी टंकण्यासाठी वापरत असलेले ‘आयबस-एम१७एन’ तिच्यात आढळले, तर नकार देऊन ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’पुढे ते नाव द्यावे, म्हणजे ते आपण स्वतः मागवलेले समजले जाते व पुन्हा त्या यादीत येत नाही. डाउनलोड करून साठलेल्या पॅकेज-फायली ‘सुडो ॲप्ट क्लीन’ने मोकळ्या होतात.

पत्रांची काळजी नसावी. होम फोल्डरमधल्या आपल्या फायलींना ॲप्ट हात लावत नाही. फक्त त्या उघडण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम लागेल.

प्रश्न : ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांत नेमका फरक काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : रिमूव्ह प्रोग्रॅम काढते, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फायली मागे ठेवते, पर्ज त्याही काढते. वर सांगितलेल्या डीपीकेजीच्या यादीत ओळीच्या आरंभी ‘आयआय’ असेल तर पॅकेज बसलेले आहे, ‘आरसी’ असेल तर ते गेले आणि सेटिंग उरली. तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवण्याचा विचार असेल, तर रिमूव्हच बरे. होम फोल्डरमधील ‘डॉट कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात उरलेल्या सेटिंग मात्र दोहोंपैकी कोणतीच कमांड काढत नाही. त्या हातानेच पुसाव्या लागतात.