तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: शिंगं कापायची कशी?

प्रश्न : माझा भाऊ कझाकस्तानात अल्माटीला एमबीबीएस करतोय, सुट्टीत येताना त्याने आईसाठी फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) पर्स आणली, त्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी गोल वळलेली नक्षी आहे आणि मी तर तिच्या प्रेमातच पडले. मी टेक्स्टाईल डिझाईन शिकते. फायनल प्रोजेक्टला तीच नक्षी ट्रेस करून कुशन कव्हरवर प्रिंट केली तर गाईड म्हणतात, 'स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय.' आता काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या गाईडचं बरोबर आहे हो, रागावू नका. ती शिंगं म्हणजे 'कोश्कर मुयीझ', कझाक भाषेत त्याचा अर्थही मेंढ्याचं शिंगच. १९९२ साली कझाकस्तानचा निळा झेंडा ठरला, त्यावर काठीच्या बाजूला जो सोनेरी पट्टा आहे त्यातसुद्धा हीच नक्षी. पण खरी गंमत आकारात नाही, तो बनतो कसा त्यात आहे. कझाक लोक नक्षीला 'ओयू' म्हणतात आणि ओयू म्हणजे कोरणं, कापून काढणं. तुम्ही प्रिंट केलंत, कापलं कुठे?

त्यांचा 'सिरमाक' नावाचा फेल्टचा गालिचा असतो. दोन रंगांचे फेल्ट, समजा लाल आणि पांढरा, एकावर एक ठेवायचे आणि दोन्ही एकदमच कापायचे. मग लाल शिंगं पांढऱ्यात बसवायची, पांढरी लालमध्ये. एका कापणीत दोन गालिचे, आणि कचरा जवळजवळ शून्य! जोडावर दोरी शिवतात म्हणजे शिवण झाकली जाते आणि कडही उठून दिसते, मग सगळ्यावर टाके घालत जातात, आपल्या गोधडीसारखे.

मी हे घरी दोन रंगांचे कार्डपेपर घेऊन करून बघितलं. पहिल्यांदा शिंगं नाजूक काढली, छान वाटली, पण उलट्या जोडीत पांढरी शिंगं लाल रंगात पार हरवली, नुसते दोरे लोंबल्यासारखे. तेव्हा डोक्यात उजेड पडला की शिंग जेवढं जाड तेवढीच मधली मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर दोनातला एक तुकडा मार खातो. सिरमाक बघताना नक्षी कुठली आणि मागची जागा कुठली हे पटकन कळत नाही ते त्यामुळेच. ट्रेस करताना तुम्ही फक्त शिंग उचललंत आणि मधली जागा तिथेच सोडून आलात.

तर प्रोजेक्टला एक कुशन करूच नका, जोडी करा, एकाच कापणीतली. आणि हो, सुती कापडावर हे करायला गेलात तर कडेचे दोरे सुटणार, कड दुमडायला गेलात की शिंगाचं वळण बिघडणार. फेल्ट विणलेलं नसतं, लोकर भिजवून दाबून बनवलेलं असतं, म्हणून कापलेली कड तशीच राहते. त्यांच्या नक्षीला एवढी मोठी, भरीव वळणं आहेत त्याचं एक कारण हे जाड मटेरियलच आहे असं मला वाटतं. लेझर कटर मिळाला तर उत्तमच, पण आधी कागद-कात्री.

भावाला सांगा, अल्माटीच्या कस्तेयेव कला संग्रहालयात एक चक्कर मार आणि सिरमाकचे फोटो काढून पाठव, एका पर्सवरून किती ट्रेस करणार. आणि प्रोजेक्टच्या बोर्डवर 'कझाक ओयू' असं नाव स्पष्ट लिहा, 'ट्रायबल पॅटर्न' वगैरे प्लीज नको.

प्रश्न : इन्स्टावर 'शिरदाक' दिसतो तो हाच का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सख्खा चुलतभाऊ म्हणा. शिरदाक शेजारच्या किर्गीझस्तानातल्या किर्गीझांचा, तंत्र तेच. २०१२ मध्ये युनेस्कोने तो तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतला. तंबूघर म्हणजे यर्ट बांधायची कला मात्र २०१४ मध्ये किर्गीझ आणि कझाक दोघांच्या नावावर एकत्र नोंदली गेली. शिवण जवळून दिसेल असा फोटो असेल तर पाठवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.