‘पर्स्वेड’ आणि ‘कन्व्हिन्स’ यांत नेमका फरक काय?

शब्दकोशात दोन्हींपुढे ‘पटवणे’ असंच सापडतं, मग कुठे कोणतं वापरायचं, हा तुमचा प्रश्न. मलाही बरीच वर्षं तो पडायचा.

आपण म्हणतो ना, ‘कळतं पण वळत नाही’? त्यातच उत्तर आहे. कन्व्हिन्स कळण्याच्या बाजूचं, पर्स्वेड वळण्याच्या. सिगारेट घातक आहे याबद्दल पुरता कन्व्हिन्स झालेला माणूस ती सोडायला पर्स्वेड होतोच असं नाही. उलटही घडतं. ‘मला काही झालेलं नाही’ असं पुटपुटत एखादे काका घरच्यांच्या आग्रहाखातर डॉक्टरांकडे जातात. वळले खरे, पटलेलं मात्र काहीच नाही! म्हणून मी पहिल्याला ‘पटवून देणे’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘मन वळवणे’. (‘पटवणे’चा कॉलेजातला अर्थ पर्स्वेडच्या खात्यात टाका.)

मुळं पाहिली तर आणखी मजा येते. दोन्ही शब्द लॅटिनमधले. कन्व्हिन्सच्या पोटात ‘विन्केरे’ म्हणजे जिंकणे आहे. ‘व्हिक्टरी’ आणि गुन्हा शाबित झालेला ‘कन्व्हिक्ट’ हे त्याच घरातले. समोरच्याचा आक्षेप पुराव्यानं पाडायचा, असा तो भाव. एकतर्फी विजयाला ‘कन्व्हिन्सिंग विन’ म्हणतात, तिथे ‘पर्स्वेसिव्ह’ चालत नाही. पर्स्वेडमधलं ‘सुआदेरे’ म्हणजे सल्ला देणे, आग्रह करणे. त्याचं आणि संस्कृत ‘स्वादु’चं मूळ एकच मानतात. थोडक्यात, गोडीगुलाबीचं काम. ‘डिस्वेड’, म्हणजे परावृत्त करणे, हेही त्याच सुआदेरेचं पोर. कन्व्हिन्सला अशी उलट्या अर्थाची जोडी नाही.

व्याकरणाचा जुना नियम असा: कन्व्हिन्सपुढे ‘ऑफ’ किंवा ‘दॅट’, आणि ‘टू’ लावून क्रियापद जोडायचं असेल तर पर्स्वेड. ‘शी कन्व्हिन्स्ड मी दॅट इट वॉज सेफ’, पण ‘शी पर्स्वेडेड मी टू गो’. १९५०च्या दशकापासून अमेरिकेत ‘कन्व्हिन्स्ड मी टू गो’ सर्रास होऊ लागलं. भाषेच्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण आज ते चुकीचं धरत नाहीत. पर्स्वेडपुढे ‘दॅट’ तर आधीपासूनच चालत आलंय, त्यामुळे कुंपण दोन्हीकडून मोडलेलं आहे.

परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात मी जुनाच नियम पाळतो. बोलताना कोणी अडवत नाही. आपण तर मराठीतही ‘त्याला कन्व्हिन्स केलं’ म्हणून मोकळे होतो, मग त्याला पटलेलं असो वा तो नुसता कंटाळून हो म्हणालेला असो.