अवतारच्या फॅन लोकांना ओझाईपेक्षा उर्साचाच जास्त राग का येतो?

स्पॉयलर भरपूर आहेत. मालिका २००८ मध्ये संपली, तेव्हा माफी मागत नाही.

तुम्ही लिहिलंय की ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अ‍ॅनिमेशन मालिका पाहून झाली, मग पुढचं कॉमिकही वाचलं, आणि नंतर फॅन लोकांचं बोलणं वाचून चक्रावलात. तेरा वर्षांच्या झूकोचा, पोटच्या पोराचा, चेहरा सगळ्यांदेखत जाळणारा बाप ओझाई राहिला बाजूला, आणि जो तो घर सोडून गेलेल्या आईला, उर्साला, धारेवर धरतोय. हे असं का, ते मी सांगू शकतो, कारण बरीच वर्षं मीही त्या धरणाऱ्यांतलाच होतो.

ओझाईचा राग येत नाही असं नाही. येतो, पण तो आळशी राग असतो. मालिकेची पहिली दोन पर्वं त्याचा चेहराही नीट दिसत नाही, ज्वाळांच्या मागे बसलेली एक आकृती आणि मार्क हॅमिलचा आवाज, एवढंच. तो वाईट आहे हे पहिल्यापासून ठरलेलं. त्याच्याकडून कोणी काही मागतच नाही, मग त्याने दिलं नाही म्हणून चिडायचं कशाला? साप चावला म्हणून आपण सापाशी भांडत नाही. जवळ उभा असून जो काठी घेऊन धावला नाही, त्याच्याशी भांडतो.

उर्सा म्हणजे ती जवळ उभी असलेली. ६१ भागांच्या मालिकेत ती दिसते सगळी मिळून काही मिनिटं, त्यातली बरीचशी दुसऱ्या पर्वातल्या ‘झूको अलोन’ या भागात. गादीवर बसलेला आजोबा अझुलॉन ओझाईला पोराचाच जीव घ्यायला सांगतो. त्या रात्री उर्सा झोपलेल्या झूकोला उठवते, मी जे केलं ते तुला वाचवायला केलं असं सांगते, आणि सकाळी नसते. त्याच रात्री अझुलॉनही मेलेला असतो. दोनात दोन मिळवायचे ते आपण.

पण फॅन लोकांचा खटला झूकोच्या वतीने नसतोच, तो त्याच्या धाकट्या बहिणीच्या, अझूलाच्या वतीने असतो. त्याच भागात लहानगी अझूला म्हणते की आयरोकाका (ओझाईचा थोरला भाऊ, गादीचा वारस) लढाईतून परत आले नाहीत तर गादी बाबांना मिळेल, आणि ती गेल्यावर उर्सा स्वतःशीच म्हणते, या पोरीला झालंय तरी काय. एक वाक्य. पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या भागात अझूला सांगते की आई मला राक्षस समजायची, आणि शेवटी तर आरशात तिला आई दिसते, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणते, आणि अझूला हातातला ब्रश फेकून आरसाच फोडते. चौदा वर्षांची पोर, राज्याभिषेकाच्या दिवशी, एकटी. तो प्रसंग पाहून आईचा राग येणारच, मलाही आला. फक्त हे लक्षातून निसटतं की त्या पोरीला तसं घडवणारा माणूस त्याच दिवशी तिला मागे सोडून जग जाळायला निघालाय. मला झूकोसारखं वागवू नका, असं ती बापालाच ओरडून सांगते. बाप काय आहे हे तिला बरोबर माहीत असतं. तरी आरशात दिसते ती आईच.

यात भर २०१३ च्या ‘द सर्च’ या कॉमिकची. त्यात कळतं की उर्साचं प्रेम गावातल्या इकेमवर होतं आणि ती रोकूची, म्हणजे आधीच्या एका अवताराची, नात म्हणून राजवाड्याने तिला उचलून आणलं. ओझाईला ती विष करून देते, त्याबदल्यात पोराचा जीव वाचतो, पण पोरं तिला नेऊ देत नाहीत. ती ओलीस. इथपर्यंत बहुतेक फॅन तिच्या बाजूने. मग ती गावी परतते आणि चेहऱ्यांची माता म्हणावी अशा एका आत्म्याकडून चेहरा बदलून घेते, आणि सोबत आठवणीही पुसून घेते. पोरांच्यासुद्धा. इथे फॅन उलटतात. घर सोडणं एक वेळ समजतं, विसरणं समजत नाही.

आता याच मालिकेतला हाकोडा घ्या, नायकाबरोबर फिरणाऱ्या कटारा आणि सॉक्का या भावंडांचा बाप. आई मेलेली, घरी फक्त आजी, आणि हा गावातले सगळे धडधाकट पुरुष घेऊन लढाईवर जातो. दोन वर्षं पत्ता नाही. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला कटारा त्याच्यावर चिडते, तुम्हाला जावं लागलं हे मला कळतं तरी एवढा राग का येतो, असं रडत विचारते. तो तिला जवळ घेतो. झालं. आजही मालिकेतला चांगला बाप कोण म्हटलं की त्याचं नाव आधी येतं, आणि खरंच तो चांगला बाप आहेही. पण गेला तोही होता, आणि त्याच्या मानेवर कोणी सुरी धरली नव्हती.

कटाराच्या आईचं तर विचारूच नका. पोरीला वाचवण्यासाठी शेवटची वॉटरबेंडर (पाणी वळवणारी) मीच, असं खोटं सांगून ती मरते. तिच्याविरुद्ध एक शब्द वाचायला मिळणार नाही. मेलेली आई देव्हाऱ्यात, जिवंत असून दूर असलेली आई पिंजऱ्यात. (आपल्याकडे कर्णाच्या बाबतीत हेच चाललंय. कुंतीला प्रत्येक पिढी जाब विचारते. सूर्य एकदा स्वप्नात येऊन कवचकुंडलं देऊ नकोस एवढं सांगून गेला, तर तो काळजीवाहू बाप!)

माझं सांगतो. आठवीत असताना बाबांनी माझ्या चित्रांच्या वह्या बंबात घातल्या. गणितात बेचाळीस मिळाले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला कणीक, आणि ती काही बोलली नाही. बाबांवरचा राग आठवड्यात विरला, कारण बाबा म्हणजे पाऊस, कोसळणारच. आईवरचा राग कॉलेज संपेपर्यंत टिकला. उर्साविरुद्ध मी जे काही तावातावाने बोलायचो ते सगळं त्या दाराकडे बघून बोलत होतो, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उजाडली.

तेही आपोआप नाही. भाची आमच्याकडे आलेली असताना हीच मालिका लावून बसली होती आणि आई शेजारी मटार सोलत होती. तिला संवाद कळत नव्हते, भाची मधूनमधून सांगत होती. उर्सा रात्रीच्या अंधारात निघून जाते तिथे आईने विचारलं, “पोरांना नाही का घ्यायचं बरोबर?” मग चार शेंगा सोलून झाल्यावर स्वतःच म्हणाली, “नेणार तरी कुठे म्हणा.” भाची म्हणाली, “आजी, गप बस ना, पुढे बघ.”

दुसरं कारण साधं आहे, पण त्याचा परिणाम मोठा : जो पडद्यावर असतो त्याला सुधारायला वेळ मिळतो. ‘माय हिरो अकॅडेमिया’ या जपानी मालिकेतला एंडेव्हर हा सुपरहिरो बघा. बर्फाची शक्ती असलेली बायको हवी म्हणून त्याने रेईशी लग्न केलं, अव्वल सुपरहिरो ऑल माइटला मागे टाकणारा मुलगा हवा म्हणून पोरं जन्माला घातली, आणि चौथ्या शोटोला लहानपणापासून तालमीत पिळून काढलं. घर मोडलं. रेईचा तोल गेला आणि तिने शोटोच्या तोंडावर उकळतं पाणी ओतलं, कारण त्याची डावी बाजू तिला नवऱ्यासारखी दिसत होती. तिला हॉस्पिटलात ठेवलं. पुढे मालिकेत एंडेव्हरला पश्चात्ताप आहे, अव्वल क्रमांक आहे, जखमी होऊन मूठ उंचावण्याचा प्रसंग आहे. त्याला माफ करावं की नाही यावर फॅन वर्षानुवर्षं भांडतायत, पण भांडायला त्याने ऐवज दिलाय. रेईला मात्र बहुतेक जण पटकन माफ करतात, आणि तेही पेशंट म्हणून. तिने पुढे घरच्यांना तोंड देताना जो कणखरपणा दाखवला त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मला त्या घरात आवडतो तो शोटोचा थोरला भाऊ नात्सुओ, बापाला साफ सांगणारा की मी माफ करणार नाही.

तर उर्साला मी सोडलंय का? नाही, पूर्ण नाही. आठवणी पुसणं ही मला कॉमिक लिहिणाऱ्यांची चूक वाटते. मालिकेतल्या त्या बाईने ते केलं नसतं. पण लिहिलंय तर वाचायला हवं, आणि नीट वाचलं तर त्यात एक जागा आहे. अझूला तिला गाठते तेव्हा उर्साला काहीच आठवत नसतं. समोर वेड्यासारखी चिडलेली एक अनोळखी मुलगी, तिच्या मते ही तिची आई. आणि उर्सा म्हणते की तू म्हणतेस ते खरं असेल, मी तुझी आई असेन, तर तुझ्यावर पुरेसं प्रेम केलं नाही याबद्दल मला माफ कर.

काही आठवत नसताना मागितलेली माफी. अझूलाला ती पुरत नाही, ती पळून जाते. मला ती पुरली की नाही हे मी अजून ठरवतोय. आणि त्याच कॉमिकमध्ये ही बाई इकेमपासून झालेल्या धाकट्या कियीला कुशीत घेऊन बसलेली दिसते ना, ते पान मी अजूनही भरभर उलटतो.