सोडायचं काय, ते आधी ठरवा
वाचकांचे प्रश्न : एमबीए प्रवेश परीक्षा

प्रश्न : मी बार्शीची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे, पण इंग्रजी उताऱ्यांची धास्ती वाटते. एका सिनियरने शब्दांची भलीमोठी यादी पाठ करायला दिलीय, त्यातलं रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही. गणित बरं आहे. नोव्हेंबरपर्यंत जमेल का?

उत्तर : आधी ती यादी परत कर. कॅटमध्ये समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत. 2024 च्या पेपरात इंग्रजीच्या सेक्शनला 24 प्रश्न होते. त्यातले 16 उताऱ्यांवरचे, म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकावर चार प्रश्न. उरलेले आठ म्हणजे परिच्छेदाचा सारांश, विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणं, असला मामला. एखादा शब्द अडला तरी वाक्य कळतं. लेखकाचं म्हणणंच निसटलं, तर मात्र चारही प्रश्न गेले.

मी सांगलीत बरीच वर्षं या परीक्षेची तयारी करून घेते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी सुरुवातीला एकच काम देते. रोज एक इंग्रजी लेख वाचायचा. आज पर्यावरण, उद्या इतिहास, परवा तत्त्वज्ञान. क्रिकेट आणि शेअर बाजार बाद, कारण ते आपण आवडीने वाचतो आणि कॅटचे उतारे कुणाची आवड विचारून काढलेले नसतात. लेख संपला की तो मिटायचा आणि वहीत मराठीत दोन ओळी लिहायच्या. पहिली, लेखक काय म्हणतोय. दुसरी, तो कुणाचं म्हणणं खोडतोय. इंग्रजीत लिहायला सांगितलं की मुलं लेखातलीच वाक्यं उचलून ठेवतात आणि आपल्याला समजलंय असं स्वतःला पटवतात. मराठीत लिहायचं तर समजल्याशिवाय पेन हलत नाही. पहिले काही आठवडे दुसरी ओळ कोरी राहील, राहू दे. ती भरायला लागली की उतारे सोडवायला घे, त्याआधी नको.

पर्याय वाचताना एक सापळा ओळखून ठेव. चारांत एक पर्याय बहुधा असा असतो, की तो जगात खरा असतो पण उताऱ्यात कुठेच नसतो. वर्तमानपत्र रोज वाचणारी हुशार मुलं नेमकी तिथे घसरतात.

आता वेळेचं. 40 मिनिटांत चार उतारे आणि आठ सुटे प्रश्न घाईघाईने ‘पूर्ण’ करण्यापेक्षा तीन उतारे नीट वाच. चौथा डोळ्यांसमोर असूनही सोडायचा, ही सवय शाळेने आपल्याला लावलेली नाही. तिथे पेपर कोरा ठेवणं म्हणजे गुन्हा. इथे बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चार पर्यायांतून निवडायचा प्रश्न चुकला तर एक जातो. (ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तो चुकला तर काही जात नाही. असे प्रश्न कोरे ठेवू नकोस.) गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवलेल्यांनाही 99 पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातल्या 99 जणांच्या पुढे) मिळालेलं आहे, हे आकडे बघितले की धास्ती बरीच उतरते.

गणित बरं आहे म्हणतेस, तर पेन खाली ठेवून करून बघ. किंमत 25 टक्क्यांनी वाढली, खप 25 टक्क्यांनी घटला, तर विक्रीच्या रकमेत काय फरक पडला? क्लासवाली मुलं सूत्र शोधतात. माझ्या आजीला सवायकी-पाऊणकीचे पाढे येत होते, तिने हे चुटकीसरशी सांगितलं असतं. सव्वा गुणिले पाऊण म्हणजे पंधरा सोळांश. रुपयामागे एक आणा गेला, 6.25 टक्के. पडद्यावर कॅल्क्युलेटर देतात, पण त्याची बटणं माउसने दाबत बसलीस तर वेळ तिथेच जातो. अपूर्णांकांशी सलगी कर.

नोव्हेंबरपर्यंत जमेल. मात्र ऑगस्टपासून दर आठवड्याला एक पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा दे, आणि जेवढा वेळ मॉकला तेवढाच त्याच्या तपासणीला. कुठला प्रश्न चुकला यापेक्षा कुठल्या प्रश्नाला आपण उगाच चिकटून बसलो, ते आधी बघ.

प्रश्न : मुलगी पुण्यात आयटीत आहे. कॅटसाठी नोकरी सोडते म्हणते. क्लासची फीही मोठी सांगतात. पालक म्हणून आम्ही काय करावं? (जळगाव)

उत्तर : नोकरी सोडू देऊ नका. हे मी इतकं ठाम सांगते, कारण नोकरी सोडलेल्या मुलांचा दिवस मोठा होतो आणि अभ्यास तेवढाच राहतो. वर ‘आता लागलंच पाहिजे’ हे ओझं. दोन तासांच्या परीक्षेला दिवसाचे दहा तास लागत नाहीत. कामाच्या दिवशी दोन तास, शनिवार-रविवारी मॉक आणि तपासणी, एवढं सहा-सात महिने नेमाने झालं तर पुरतं. शिवाय मुलाखतीत कामाबद्दल विचारतात, तेव्हा सांगायला काम असलेलं बरं.

क्लासचं म्हणाल, तर मीही क्लासवाली, म्हणजे माझं मत थोडं कमी करून घ्या. मोठ्या पॅकेजातल्या छापील पुस्तकांचा निम्मा गठ्ठा बहुतेक घरांत उघडलाही जात नाही. जुने खरे पेपर मोकळे मिळतात. मॉकची मालिका तेवढी विकत घ्या. तिला एखाद्या विषयात हात धरणारं कुणी हवं असेल, तर तेवढ्यापुरता क्लास. पैसा पुढे लागणार आहे. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी 20 लाखांच्या वर आहे. तिथे प्रवेश मिळाला तर काही सरकारी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, तेव्हा आतापासून शेत विकायचा विचार नको.

एक गोष्ट तिच्याशी मोकळेपणाने बोला. बऱ्याच आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचे गुणही धरतात. ते आता बदलत नाहीत. कुठल्या संस्थेला कशाचं किती वजन आहे, ते त्यांच्या प्रवेश धोरणात छापलेलं असतं. फॉर्म भरायच्या आधी तिने ते वाचावं.

प्रश्न : कॅट आणि राज्याची सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत. अभ्यास एकच ना? (नाशिक)

उत्तर : अभ्यास बराचसा एक, स्वभाव उलटा. सीईटीला 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद. त्यातले 75 तर्काचे, 25 आकृत्यांचे, 50 गणिताचे, 50 इंग्रजीचे. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. अगदी शेवटच्या मिनिटाला उरलेल्या सगळ्यांत काहीतरी टिचकी मारायची.

कॅटमध्ये याच्या विरुद्ध. विशेषतः डीआयएलआर, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचा सेक्शन. 2024 ला तिथे पाच सेटमध्ये (एकाच माहितीवरचे प्रश्न म्हणजे एक सेट) 22 प्रश्न होते. पहिली पाच मिनिटं एकही प्रश्न न सोडवता पाचही सेट वाचायचे. कलिंगड घेताना आपण वाजवून बघतो आणि बाजूला ठेवतो, तसं. त्यातले दोन-तीन निवडायचे आणि बाकीच्यांकडे ढुंकून बघायचं नाही. सेक्शनची 40 मिनिटं संपली की पुढचा सेक्शन आपोआप उघडतो, मागे जाता येत नाही.

म्हणून कॅट होईपर्यंत सीईटीच्या वेगाचा सराव करू नकोस. नोव्हेंबरअखेर कॅट झाली की आठवडाभर वही मिटून ठेव आणि मग आकृत्या नि वेग हाती घे. सीईटीला हलकं मात्र समजू नकोस. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत सीईटीच्या पर्सेंटाइलवर, मुलाखतीशिवाय प्रवेश होतो, आणि खुल्या गटात तिथली कटऑफची रेषा 99.9 च्या आसपास असते.

प्रश्न : माझ्याकडे राज्याचं जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर आहे. आयआयएमला चालेल का? (परभणी)

उत्तर : राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा, असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं काढा. भटक्या-विमुक्तांपैकी बऱ्याच जाती त्या यादीत आहेत, पण ‘एनटी’ म्हणून वेगळा रकाना तिथे नसतो. राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षणही आयआयएममध्ये लागू नाही. त्या मुलांनी उत्पन्न-मालमत्तेच्या अटी बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र काढावं. प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं लागतं. फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये सुटतात, तेव्हा जूनमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका आणि हातात आलं की नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून बघा. परीक्षेच्या फीची सवलत अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांनाच आहे. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना पूर्ण फी भरावी लागते.