शंका-समाधान : जुनी पुस्तके, जुने क्रीडा अंक

या वेळी हाती आलेल्या पत्रांत क्रीडा मासिकांच्या जुन्या अंकांविषयीची पत्रे अधिक आहेत. जुन्या पुस्तकांच्या संग्रहाविषयी बरेच लिहिले जाते. मासिकांच्या वाट्याला मात्र फारसे काही येत नाही, म्हणून या पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : एका क्रीडा मासिकाचे सलग दहा वर्षांचे अंक मला कापडी बांधणीत मिळत आहेत. त्याच काळातले सुटे अंकही दुसरीकडे उपलब्ध आहेत, पण त्यांचे कोपरे दुमडलेले आहेत आणि मधले काही अंक नाहीत. घरच्यांच्या मते बांधलेला संच देखणा आहे, तो घ्यावा. आपला सल्ला काय?

आपल्याला जुन्या सामन्यांची वर्णने वाचायची असतील आणि संदर्भ शोधायचे असतील, तर बांधलेला संच निःशंकपणे घ्यावा. संग्रह करायचा असेल, तर मात्र तो घेण्यापूर्वी प्रत्येक खंड उघडून एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे अंकांची मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने आत आहेत की नाहीत. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे, मलपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची पद्धत कित्येक दशके जगभरच्या ग्रंथालयांत व बाइंडरांकडे रूढ होती. मजकूर तेवढा टिकवावा, बाकीचा कागद जाडी वाढवतो, असा त्यामागचा विचार होता. त्याचा परिणाम असा झाला, की अनेक जुन्या नियतकालिकांचा मजकूर आज सहज सापडतो. पण मूळ वेष्टनासह असलेला सुटा अंक शोधू जावे तर हाती लागत नाही.

मला स्वतःला या काढून टाकलेल्या पानांचे मोल फार वाटते. त्या काळी खेळाडू कोणती बॅट वापरत, बुटांना खिळे कसले असत, मुष्टियोद्ध्यांचे हातमोजे कोण बनवत असे, खेळाच्या नावावर औषधी तेले आणि शक्तिवर्धक काढे कसे विकले जात, हे सारे जाहिरातींतच असते, आणि मजकूर लिहिणाऱ्यांनी ते कधी नोंदवलेले नसते. खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याला सामन्याचा धावफलक दहा ठिकाणी मिळेल. ही माहिती मिळायची ती त्या एका पानावर. म्हणून कोपरे दुमडलेला, पण पुरता अंक मी देखण्या, पण कापलेल्या अंकापेक्षा वरचा मानतो.

बांधणीत आणखी एक हानी होते. खंडाच्या तिन्ही कडा यंत्राने सारख्या कापल्या जातात, आणि अंक एकापेक्षा अधिक वेळा बांधला गेला असेल, तर समास इतका झिजतो की वरच्या ओळीतली पृष्ठसंख्या अर्धी उडालेली असते. मधल्या बाजूला शिलाई आडवी घातलेली असेल, तर दोन पानांवर पसरलेले छायाचित्र मधोमध गिळले जाते. खंड टेबलावर ठेवून मधोमध उघडला आणि पाने सपाट पडली नाहीत, तर शिलाई अशीच आहे असे समजावे.

मात्र बांधलेल्या खंडांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. अनेक मासिके वर्षाच्या वा सहामाहीच्या अखेरीस शीर्षकपान व अनुक्रमणिका स्वतंत्रपणे छापत असत, आणि ज्याला अंक बांधायचे असतील तो ती मागवून घेत असे. सुट्या अंकांबरोबर ही पाने जवळजवळ कधीच येत नाहीत. बांधलेल्या खंडात ती सुरुवातीलाच सापडतात. आपल्या संचात ती असतील आणि मुखपृष्ठेही असतील, तर दुसरा विचार करू नये. मुखपृष्ठे नसतील, तर सुटे अंक घ्यावेत आणि उरलेल्यांचा शोध चालू ठेवावा.

प्रश्न : ‘विस्डेन’ या इंग्लंडच्या क्रिकेट वार्षिकाचे जुने खंड जमवायचे आहेत. पहिली छपाई आणि नंतरची प्रतिकृती यांतला फरक सामान्य माणसाला ओळखता येतो का? इतर पुस्तकांची पहिली आवृत्ती कशी ओळखावी?

ओळखता येतो. त्यासाठी एक चांगले भिंग आणि थोडा संयम लागतो.

‘विस्डेन’चा पहिला अंक १८६४ सालचा, ११२ पानांचा. त्यात क्रिकेटच्या धावफलकांबरोबर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या खटल्याची तारीख आणि कालव्यांच्या लांबीसारखी माहितीही छापलेली आहे. सुरुवातीचे अंक कागदी वेष्टनाचे होते. कापडी पुठ्ठ्याची आवृत्ती १८९६ पासून त्यांच्या जोडीला आली. साहजिकच जुन्या मालकांनी कागदी अंक आपापल्या आवडीने बांधून घेतले, आणि त्यात पुष्कळांची वेष्टने गेली. आपल्या पहिल्या प्रश्नकर्त्यापुढची अडचण इथेही आहेच. १९१६च्या अंकाला विशेष मागणी असते, कारण आदल्या वर्षी निवर्तलेल्या डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रम्पर यांचे मृत्युलेख त्यात आहेत, आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्या खेळाडूंची लांबच लांब यादीही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अंक कागदटंचाईमुळे थोडेच छापले गेले, म्हणून तेही सहजी मिळत नाहीत.

सुरुवातीच्या अंकांच्या प्रतिकृती प्रसिद्ध झालेल्या आहेत आणि त्या प्रामाणिकपणे प्रतिकृती म्हणूनच काढलेल्या आहेत. वाचायला त्या उत्तम. घोटाळा होतो तो अशी प्रत कुणी जुन्या पुठ्ठ्यात बांधून, प्रतिकृतीची नोंद असलेले पान काढून विकली तर. तेव्हा पुढीलप्रमाणे तपासावे. एकोणिसाव्या शतकातले पुस्तक खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून छापलेले असते. खिळा कागदावर दाबला जातो, त्यामुळे पान प्रकाशासमोर तिरपे धरले, की मागच्या बाजूस अक्षरांचा हलका उठाव दिसतो आणि बोटालाही जाणवतो. भिंगातून पाहिले, तर अक्षराच्या कडेला शाई किंचित गोळा होऊन गडद झालेली दिसते. ऑफसेटवर छापलेली प्रतिकृती दोन्ही बाजूंनी सपाट असते आणि अक्षराची शाई कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी असते. मूळ अक्षरातली तुटलेली रेघ प्रतिकृतीतही उतरते, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

चित्रांच्या बाबतीत फसवणूक आणखी लवकर उघडी पडते. जुने छापील छायाचित्र ठिपक्यांच्या जाळीने बनलेले असते. त्याचाच फोटो काढून ते पुन्हा छापले, की जाळीवर जाळी चढते आणि भिंगाखाली लहरींसारखे पट्टे दिसू लागतात. काळ्या भागातले बारकावे बुजून जातात. याखेरीज अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरीही उपयोगी पडते. कागदात चमक आणणारी रासायनिक द्रव्ये साधारण १९५० नंतर सर्रास वापरली जाऊ लागली. अंधारात तो प्रकाश टाकल्यावर १९२० सालचा म्हणवणारा अंक निळसर-पांढरा लखलखला, तर तो कागद त्या काळचा नव्हे असे मानायला आधार मिळतो. मात्र कागद लखलखला नाही म्हणजे प्रत अस्सल ठरली, असे होत नाही.

इतर पुस्तकांबाबत थोडक्यात सांगतो. हक्कपानावर, म्हणजे प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानावर, उतरत्या क्रमाने आकड्यांची ओळ असेल, तर तिच्यातला सर्वांत लहान आकडा ती प्रत कितव्या छपाईची आहे ते बहुधा सांगतो. पण प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी असते आणि जुन्या पुस्तकांत अशी ओळ नसतेच. त्यामुळे त्या विशिष्ट पुस्तकाच्या आवृत्त्यांची सूची पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. वाचक-मंडळांसाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या वरकरणी पहिल्या आवृत्तीसारख्या दिसतात. त्यांच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत बहुधा छापलेली नसते, आणि मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात कधी कधी बिनशाईचा छोटा ठसा असतो. पाने व चित्रपाने मोजल्याशिवाय आणि घडीचा नकाशा वा तक्ता उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही जुने पुस्तक घेऊ नये. विक्रेत्याला याचे वाईट वाटत नाही. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे त्याला कळते.

प्रश्न : एका दुर्मीळ पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे. घ्यावे का?

ग्रंथालयाने ते रद्द केल्याची नोंद वा शिक्का असेल, तर अवश्य घ्यावे. तशी नोंद नसेल, तर त्या ग्रंथालयाला विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि ते त्यांचेच निघाले, तर परत मिळावे यासाठी मदत करावी. शिक्का खरवडून काढलेली प्रत कितीही दुर्मीळ असली, तरी हात लावू नये.

प्रश्न : माझ्याकडे १९३० ते १९७० या काळातली क्रीडा मासिके आहेत. काहींची पाने पिवळी पडून कडेने तुटत आहेत, पिना गंजल्या आहेत. मी काही अंक चिकटपट्टीने जोडले, बाकीचे प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवून कपाटात डांबरगोळ्या टाकल्या. हे बरोबर आहे का?

आपण काळजीपोटी केलेत हे दिसते, पण यातले बरेचसे थांबवावे लागेल. कारण समजले, की उपाय लक्षात राहतो.

लाकडाच्या लगद्यापासून कागद बनू लागला तो १८४०च्या दशकानंतर. लाकूड नुसते दळून केलेल्या स्वस्त लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहून जाते; ते प्रकाशाने व हवेने पिवळे-तपकिरी पडते. कागदावर शाई फुटू नये म्हणून तुरटी व राळ यांची खळ देण्याची पद्धत त्याआधीच, १८०७ साली, मोरित्झ इलिग यांनी प्रसिद्ध केली होती. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते आणि ते तंतू आतून तोडत राहते. मासिके तर एकदा वाचून टाकून देण्यासाठीच छापलेली, म्हणून त्यांच्या वाट्याला सर्वांत हलका कागद आला. (पिवळेपणा नेहमीच वयाचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. फ्रान्सचे ‘लोतो’ हे क्रीडादैनिक मुळातच पिवळ्या कागदावर छापले जात असे, आणि इटलीचे ‘ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ गुलाबी कागदासाठी प्रसिद्ध आहे.)

पिवळेपणा घालवण्याचा प्रयत्न करू नये. तो वाढण्याचा वेग कमी करता येतो. अंधार, गारवा आणि स्थिर आर्द्रता या तिन्हींची गरज आहे. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम, आणि ती रोज वर-खाली होऊ न देणे हे आकड्याइतकेच महत्त्वाचे. बाहेरच्या भिंतीला चिकटलेले कपाट, माळा आणि तळघर टाळावे. मासिके उभी ठेवली, की कण्याजवळ वाकतात. ती आडवी, लहान थप्प्यांत, आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावीत.

प्लास्टिकच्या पिशव्या कशाच्या आहेत ते पाहावे. पीव्हीसीच्या असतील, तर आजच काढाव्यात. ते प्लास्टिक जुने होताना आम्लयुक्त वायू सोडते आणि छपाईची शाई त्याला चिकटून निघते. पॉलिएस्टर किंवा शुद्ध पॉलिप्रॉपिलीन चालते. अंकामागे आधाराला पुठ्ठा घालायचा, तर तोही आम्लरहित हवा, नाहीतर मलपृष्ठावर तपकिरी सावली उमटते.

चिकटपट्टीचा गोंद वर्षागणिक कागदात मुरतो, पिवळा आणि मग तेलकट होतो. पट्टी गळून पडते, डाग राहतो. ज्या अंकांना ती अजून लावलेली नाही त्यांना लावू नका, आणि लावलेली स्वतः ओढून काढू नका, कारण तिच्याबरोबर छपाई निघते. फाटलेले पान जोडायला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठातील सत्त्वाची खळ वापरतात, कारण ती गरज पडल्यास पाण्याने सोडवता येते. पुढे कुणाला काढता येणार नाही असे काहीही अंकावर करू नये, हा नियम मी स्वतः कटाक्षाने पाळतो.

गंजलेली पिन मात्र काढायला हरकत नाही. अंक मधोमध उघडून पिनेची टोके आतल्या बाजूने पातळ, बोथट पातीने हळूच सरळ करावीत आणि मग पिन बाहेरून काढून घ्यावी. ती ओढून काढली, तर गंजाने कमजोर झालेला कागद तिच्याबरोबर फाटतो. त्याच भोकांतून सुती दोऱ्याचे दोन टाके घातले, की पाने जागेवर राहतात.

डांबरगोळ्या काढून टाकाव्यात. त्यांचा वास कागदातून जात नाही आणि वाफ माणसाच्या प्रकृतीलाही चांगली नाही. कसर लागल्याचा संशय असेल, तर अंक हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. शंका असलेला अंक इतरांत मिसळण्यापूर्वी काही दिवस वेगळा ठेवण्याची सवय त्याहून बरी.

आपल्या संग्रहात गुळगुळीत कागदाचे रंगीत अंकही असतील, म्हणून एक इशारा. त्या कागदावर मातीच्या लेपाचा थर असतो. तो भिजून वाळला, तर पाने एकमेकांना अशी चिकटतात की पुढे सुटत नाहीत. असा अंक भिजला, तर उन्हात वाळत घालू नये. ओला असतानाच पिशवीत घालून गोठवावा आणि जतन-तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. हाती वेळ फार थोडा असतो.

प्रश्न : अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चा एक जुना अंक मिळाला आहे. मुखपृष्ठावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी आहे. ती काढली तर अंक अधिक मोलाचा होईल का?

चिठ्ठी नसलेला, म्हणजे थेट विक्रीच्या ठेल्यावरून गेलेला अंक संग्राहकांना अधिक आवडतो हे खरे. पण चिठ्ठी काढलेला अंक हा चिठ्ठी नसलेला अंक नव्हे. तिच्या जागी चकाकी गेलेला चौकोन राहतो आणि भिंगाखाली तंतू उचकटलेले दिसतात; जाणकार मुखपृष्ठ प्रकाशात तिरपे धरून प्रथम तीच जागा पाहतो. चिठ्ठीवरून अंक कधी व कुठे पोहोचला हेही कळते. ती राहू द्यावी.

त्याऐवजी आतले पाहावे. १६ ऑगस्ट १९५४च्या पहिल्या अंकात, ज्याच्या मुखपृष्ठावर बेसबॉलपटू एडी मॅथ्यूज फटका मारताना दिसतो, मुले जमवत त्या बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांची चित्रे असलेली घडीची पाने होती. मुलांनी ती कापून घेतल्यामुळे कित्येक प्रतींत ती नाहीत. आपला अंक कोणताही असो, मधली जोडपाने उघडून पिनेच्या दोन्ही बाजूंची पाने सारखी आहेत का ते मोजावे, कूपन कापलेले नाही ना ते पाहावे, आणि सापडलेली प्रत्येक उणीव पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून तो कागद अंकाबरोबर ठेवावा.